मालक, गट आणि इतर

गुरुवारी सकाळी सव्वादहाला देवाजी बारसागडे यांना त्यांच्याच घरात, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच फाईलने परवानगी नाकारली.

यात काय एवढं, असं ज्यांना वाटेल त्यांना देवाजी माहीत नाहीत. सावली गावच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं काढून ते अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि या चौतीस वर्षांत परवानगी हा खास त्यांचा प्रांत होता. विहीर खोदायची परवानगी, मंडप टाकायची परवानगी, भोंगा लावायची परवानगी, शाळेच्या आवारातलं वाळलेलं झाड तोडायची परवानगी. 'परवानगी देण्यात येत आहे' आणि 'परवानगी नाकारण्यात येत आहे' ही दोन्ही वाक्यं त्यांना सारखीच पाठ होती. पण दुसरं लिहिताना त्यांचं अक्षर जरा जास्त देखणं यायचं, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. अशा माणसाला लॅपटॉपच्या पडद्यावर, करड्या चौकटीत, दोन शब्द दिसले: परमिशन डिनाईड. देवाजींनी चष्मा पुसला आणि पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी सवयीने खाली पाहिलं. सही नव्हती, शिक्का नव्हता, जावक क्रमांक नव्हता, आणि नाकारण्याचं कारणही दिलेलं नव्हतं. असला नकार त्यांच्या कचेरीतून बाहेर पडला असता तर त्यांनी संबंधित बाबूला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

"कोन्या गाढवानं काढला हा आदेश?" ते म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात लाखोळीची डाळ निवडत बसलेल्या अंजनाबाईंनी मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला.

फाईल साधीसुधी नव्हती. तिचं नाव 'रोवणा', म्हणजे भाताची लावणी. धानाच्या बांधीत, चिखलात वाकून रोवणा करताना बाया जी गाणी म्हणतात, ती एकशे सोळा गाणी तिच्यात होती. गाणी अंजनाबाईंच्या तोंडची. त्या लहानपणापासून रोवण्याला जायच्या. पुढे अंगणवाडीत सेविका झाल्या तरी सुट्टीच्या दिवशी माहेरच्या बांधीत उतरल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. देवाजींनी दोन हिवाळे त्यांच्यासमोर बसून ही गाणी कागदावर उतरवून घेतली आणि मग एका बोटाने टाईप केली होती. येत्या रविवारी गावात झाडीबोलीचा, म्हणजे इकडच्या पूर्व विदर्भातल्या बोलीचा, मेळावा होता आणि त्यात या गाण्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि त्यांत 'संकलक व संपादक : श्री. देवाजी बारसागडे' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. शेजारच्या मूल गावच्या छापखान्याचा पियुष शुक्रवारी पाचपर्यंत फाईल मागत होता. त्याच्यापुढे गेली तर रविवारी प्रकाशन कशाचं करायचं, तर रिकाम्या वेष्टनाचं.

यातला 'संपादक' हा शब्द त्यांनी उगाच टाकलेला नव्हता. गाणी उतरवून झाल्यावर आठ दिवस बसून त्यांनी ती तपासली होती. ज्या माणसाने चौतीस वर्षं कनिष्ठांच्या टिपण्या लाल शाईने सुधारल्या, त्याच्या हातून एकशे सोळा गाणी अशुद्ध कशी सुटणार? 'मले'चं 'मला' झालं, 'काऊन'चं 'का' झालं, 'इथी'चं 'येथे' झालं. झाडीबोलीच्या मेळाव्याला न्यायची गाणी झाडीबोलीतून साफ करून न्यायची, यात काही गडबड आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. पाहुणे येणार म्हणून घर झाडावं, इतक्या निर्मळ मनाने त्यांनी ते काम केलं. त्यानंतर पंधरा दिवस ते 'मनोगत' लिहिण्यात गुंतले होते, हाताने, फुलस्केप कागदावर. फाईलकडे वळले ते थेट आज.

लॅपटॉप मुलाने दिलेला. राजदीप हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने आणून दिलेल्या या जुन्या यंत्रात सगळ्यांच्या घरी असतं ते विंडोज नव्हतं, लिनक्स नावाचं काहीतरी फुकट मिळणारं होतं. ते सुरू केलं की आधी दोन नावं दिसायची, 'देवाजी' आणि 'अंजना'. पहिल्या नावावर टिचकी मारून देवाजी आत शिरत. दुसरं नाव त्यांनी आजवर रिक्त पद समजून सोडून दिलं होतं. मागच्याच आठवड्यात राजदीप दोन दिवस येऊन गेला, तेव्हा 'थोडी साफसफाई करून देली' असं काहीतरी म्हणाला होता. देवाजींना आता त्या साफसफाईचा संशय आला आणि ते फोन घेऊन गच्चीवर गेले, कारण त्यांच्या घरी फोन वाजतो सगळीकडे, पण बोलण्यापुरती रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला येते.

"बाबा, मी मीटिंगमंदी आहो," राजदीप दबक्या आवाजात म्हणाला.

"मंग नुसता आयक. माह्या फाईलीनं मले परवानगी नाकारली."

"हां." तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बाबा, फाईलची परमिशन बदलवाची असन तर ते मालकाच्याच हातात राह्यते."

"मालक मीच आहो ना!"

"मालक असान तर सीएचमोड करा, होऊन जाईन. नसान तर मंग बाबा, आईले..."

इथे टाकीच्या पूर्वेची रेंज संपली. देवाजींनी टाकीला दोन प्रदक्षिणा घातल्या, पण ती परत आली नाही. खाली येऊन त्यांनी आधी वहीत नोंद केली: 'सी. एच. मोड करणे. (तोंडी आदेश, वेळ १०.४०)'. मग खुलासा मागवावा म्हणून मोबाईलवरून मुलाला रीतसर पत्र पाठवलं: 'प्रति, चि. राजदीप. विषय : स्वतःच्याच फाईलचे वाचनाची परवानगी मिळणेबाबत. संदर्भ : आपले आजचे दूरध्वनीवरील अपूर्ण संभाषण.' पुढे तीन परिच्छेद होते आणि शेवटी 'उलट टपाली कळवावे' असं होतं. अर्ध्या तासाने उत्तर आलं. उत्तरात नुसता एक अंगठा होता. देवाजींच्या कचेरीत अंगठा फक्त सही न येणारे लोक देत. इंजिनियर झालेल्या पोराने बापाला अंगठा पाठवावा, हे त्यांच्या फार मनाला लागलं.

राहता राहिलं 'मोड' म्हणजे काय हे कोडं. मटकीला येतात ते मोड, दुकानदार शंभराच्या नोटेची देत नाही ती मोड, आणि शाळेतल्या मोरे मास्तरांना मूळव्याधीत आले होते ते मोड, हे तीन अर्थ त्यांनी तपासून नापास केले. उरला तो मोडतोडीतला. तेवढ्यात शेजारचे पत्रूजी आले.

पत्रूजी शेंडे पाण्याच्या मोटारी, मिक्सर, कुलपं, थोडक्यात ज्याला स्क्रू आहे ते सगळं दुरुस्त करत, आणि ज्याला स्क्रू नाही त्याच्याबद्दल सल्ला देत. त्यांच्या खिशाला पेचकस कायम लावलेला असे. त्यांनी वहीतली नोंद वाचली, लॅपटॉपकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"देवाजीभाऊ, हे तर सिंपल आहे. हे पाहा इथी सी, आन् हे इथी एच. हेच दोन बटन अटकून राह्यले. अटकलेली वस्तू मोडाच लागते, तवा रस्ता मोकळा होते."

"पन मोडा म्हनजे एकदम..."

"पोरगा सांगून राह्यला ना मोड करा म्हनून! तो इंजिनियर हाय का तुमी?"

देवाजी कचरले, नाही असं नाही. पण आदेश सक्षम व्यक्तीचा होता आणि त्याची नोंद वेळेसह झालेली होती. नोंद झालेल्या आदेशाची अंमलबजावणी न करणं हे देवाजींच्या रक्तात नव्हतं. ते म्हणाले, "करा." पत्रूजींनी पेचकसाचं टोक खाली घातलं. सी टक्कन उडून दिवाणाखाली गेला. एच दुसऱ्या बाजूने उडाला तो थेट अंजनाबाईंच्या सुपात पडला.

"हा कोनता खडा हो?" अंजनाबाईंनी तो बोटात धरून विचारलं.

"अंजना, तू मधात बोलू नोको. टेक्निकल काम चालू आहे."

"मी काई बोलूनच नाई राह्यली," अंजनाबाई म्हणाल्या. "कोनाले इचाराचं ते तुमीच इचारा."

देवाजींनी क्लिक केलं. परमिशन डिनाईड. पत्रूजी म्हणाले की मग जे अटकलं ते आणखी खोल असेल, आणि ते पेचकस घेऊन पुन्हा वाकले. पण देवाजींनी लॅपटॉप मिटून छातीशी धरला.

दुपारपर्यंत ही गोष्ट गल्लीत पसरली. गोष्ट पसरताना तिची काटछाट होते, हे देवाजींना माहीत असायला हवं होतं. टेलरच्या दुकानात ती 'देवाजीभाऊले फाईल उघडाची परवानगी नाई' अशी पोचली, पिठाच्या गिरणीत 'देवाजीभाऊले परवानगी नाई' अशी, आणि बसस्टँडवर 'देवाजीले घरातच परवानगी नाई मनते' अशी. संध्याकाळी ते दूध आणायला गेले तर दूधवाल्या इसरूने डोळे मिचकावून विचारलं, "काय भाऊ, भायेर याची परवानगी भेटली का?" देवाजी दूध न घेताच परत आले. मग बिनदुधाच्या चहावर बसून त्यांनी आलेले सल्ले वहीत लिहून काढले. फॉरमॅट मारा. बॅटरी काढून उन्हात ठेवा. लॅपटॉप उत्तरेला तोंड करून ठेवा. नवा घ्या. निवृत्त पोस्टमास्तर गुलाबराव यांचा सल्ला सगळ्यांत सविस्तर होता: वरच्या कार्यालयाकडे अपील करा. देवाजींना तो एकच पटला होता, पण वरचं कार्यालय कोणतं हे गुलाबरावांना सांगता येईना.

शुक्रवारी सकाळपासून पियुषचे तीन फोन आले. तिसऱ्या फोनला तो म्हणाला, "काका, पाच म्हनजे पाच. मंग मशीनवर दुसरं काम चढन." देवाजींना पहिल्यांदाच भीती वाटली. दोन हिवाळे गेले होते त्या फाईलीत. नुसता मेळाव्यात आपला फजितवाडा होईल एवढंच नव्हतं. गाणी कुठे दुसरीकडे लिहून ठेवलेलीच नव्हती. हस्तलिखित कागद टाईप होताच त्यांनी नियमाप्रमाणे नष्ट केले होते.

तीन वाजता, पत्रूजी आधीच दिवाणावर येऊन बसलेले असताना, खुशबू मॅडम आल्या. त्या मागच्या गल्लीतल्याच. गडचिरोलीला कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवत आणि रोज बसने जाणं-येणं करत. देवाजींनी कालच निरोप ठेवला होता, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि दातपडक्या कीबोर्डकडे बघतच राहिल्या.

"काका, सी आन् एच कुठी गेले?"

"राजदीपच्या आदेशानुसार मोडले," देवाजी म्हणाले आणि त्यांनी वही पुढे केली.

खुशबूने ती नोंद दोनदा वाचली. मग ती ओढणी तोंडाला लावून खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. सावरल्यावर ती म्हणाली, "काका, सीएचमोड ही कमांड आहे. टाईप कराची राह्यते. सी, एच, एम, ओ, डी. फाईलची परमिशन बदलते तिच्यानं."

पत्रूजींनी पेचकस हळूच खिशातून काढून पायजम्याच्या आतल्या बाजूला खोचला.

"म्हनजे जे दोन अक्षरं पाह्यजे होते," देवाजी सावकाश म्हणाले, "नेमके तेच..."

"मोडले. आन् माह्याजवळचा दुसरा कीबोर्ड कॉलेजात राह्यला, गडचिरोलीले." खुशबूने घड्याळ पाहिलं. "पन थांबा काका. कमांड तरी काय करते? ते आतमंदी ऑपरेटिंग सिस्टीमले कॉल करते. माझ्या पेनड्राईव्हमंदी पोराइले शिकवाचा एक छोटासा प्रोग्राम आहे. तो कमांडले मधात घेतच नाई, सरळ सिस्टीमले कॉल करते. नव्वद नंबरचा कॉल."

"असं!" देवाजी उठलेच. दलाल मधे न घेता थेट साहेबांना फोन, ही गोष्ट त्यांना चटकन पटली. "हा घे माहा मोबाईल, रिचार्ज आहे. पन गच्चीवर जा लागन, टाकीच्या पूर्वेले. नव्वदच्या पुढचे आकडे कोनते?"

पुढची दहा मिनिटं खुशबूने हा कॉल फोनवरचा नाही, हे समजावण्यात घालवली. कॉल म्हणजे प्रोग्रामने सिस्टीमला घातलेली हाक. नव्वद हा त्या कामाचा नंबर. सोबत फाईलचं नाव द्यायचं आणि कोणाला किती परवानगी ते तीन आकड्यांत सांगायचं. देवाजी मान डोलवत होते. त्यांना त्यातलं 'सोबत द्यायचं' एवढं समजलं होतं, कारण सोबत काहीतरी जोडल्याशिवाय कोणतंच काम होत नाही.

"पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. वाचाचे चार, लिवाचे दोन, चालवाचा एक. ज्याले जे द्याचं त्याची बेरीज कराची."

"गट म्हनजे?" पत्रूजींनी विचारलं. "बचत गट?"

"नाई हो."

"नाई कसं? अंजनाबाईंचा गट आहे ना, मंगळवारचा. त्याइची मीटिंग घ्या लागन, ठराव लागन..."

"आणि हे 'इतर' कोन?" देवाजींनी वही सरसावली. "सदर 'इतर' मध्ये कोन-कोन येते? व्याख्या केली आहे का कुठी?"

"जो मालक नाई आन् गटातही नाई, तो इतर."

"म्हनजे हे पत्रूजी, तो दूधवाला इसरू, असे लोक."

"हो काका, तसंच समजा."

"मंग सरळ सातशे सत्याहत्तर देऊन टाका ना," पत्रूजी म्हणाले. "सगळ्याइले सगळं!" त्यांना नुकतंच 'इतर' ठरवलं गेलं होतं, त्यामुळे हा प्रश्न आता त्यांच्या जिव्हाळ्याचा झाला होता.

देवाजींनी हात वर करून सभा शांत केली. मालकाला वाचणे व लिहिणे, म्हणजे सहा. गटाला वाचणे, चार. इतरांना निरंक. सहाशे चाळीस. त्यांनी तो आकडा अक्षरी व अंकी लिहून खाली सही केली आणि म्हणाले, "पाठव." खुशबूने आधी फाईलचा मालक कोण हे तपासायला हवं होतं. वर्गात ती पोरांना हेच पहिल्या दिवशी सांगते. पण काका इतक्या ठामपणे 'मालक मीच' म्हणत होते की तिला त्यांच्या तोंडावर तपासणं बरं वाटलं नाही.

तिने बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ उमटली: उणे एक. त्याखाली दुसरी: ऑपरेशन नॉट परमिटेड.

"उणे एक?" देवाजींचा आवाज चिरकला. "आपन सहाशे चाळीस देले, आन् ते उणे एक देऊन राह्यले?"

"सिस्टीम नाई मनून राह्यली काका." खुशबू आता स्वतःच गोंधळली होती. "परमिशन बदलाची असन तर मालकच लागते. मालकाशिवाय कोनी कॉल केला तर सिस्टीम आयकतच नाई."

"अवो, मालक मी! बायको कोनाले मालक मनते या गावात? पुऱ्या सावलीले इचार, अंजनाबाईचे मालक कोन म्हनून!"

"सावलीले नाई इचारत, फाईललेच इचारतो," खुशबू म्हणाली आणि तिने काहीतरी टाईप केलं. एक ओळ आली. ती तिने मनात वाचली. मग देवाजींकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"काका, मालक 'अंजना' दाखवून राह्यली. गटही अंजनाच आहे."

हे समजायला देवाजींना वेळ लागला. पत्रूजींना लागला नाही. ते दिवाणावर आडवे होऊन हसू लागले. "देवाजीभाऊ! तुमी तर इतर मंदी आले! माह्यासंगं! त्या इसरूसंगं!"

देवाजींनी पडदा स्वतःकडे ओढून ती ओळ बोट ठेवून वाचली. वाचून झाल्यावर ते वळले. अंजनाबाई दारात उभ्या होत्या, पदर खोचून, अंगणवाडीत तपासणीला साहेब आले की उभ्या राहत तशा.

"म्याच सांगतलं राजदीपले," त्या म्हणाल्या. "फाईल माह्या नावावर कर, आन् तुह्या बाबाले तिच्यात हात लावू देऊ नोको."

"पन काऊन?"

"तुमी गान्याइचा सत्यानाश केला होता म्हनून."

"सत्यानाश? म्या शुद्ध केलं, अंजना! आठ दिवस बसून..."

"शुद्ध." अंजनाबाई आत आल्या. "मंग आयका तुमचं शुद्ध." आणि त्या चालीवर म्हणू लागल्या:

"मला नको पाठवू आई, वैनगंगेच्या पलीकडे,
येथे रोवणी राहिली, तेथे कोण करील लाड."

'पलीकडे' आणि 'लाड' एकमेकांकडे अनोळखी माणसांसारखे बघत राहिले. पत्रूजी उठून बसले.

"आता हे म्हना चिखलात वाकून," अंजनाबाई म्हणाल्या. "पाठवू आई, पाठवू आई. दम तुटते का नाई पाहा. आता आमचं आयका."

"मले नोको धाडू माय, वैनगंगेच्या पल्याड,
इथी रोवणा रायला, तिथी कोन करन लाड."

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण दुसऱ्या ओळीला तो ज्या जागी खाली उतरला, तिथे खुशबूने मान खाली घातली. तिची आजीही रोवण्याला जायची.

"हे सोमारी म्हने," अंजनाबाई म्हणाल्या. "रोवताना माह्या बाजूच्या पातीले राहे. तिले पोंभुर्ण्याकडं देलं होतं, लग्नानंतर चारच वर्ष जगली. तिचं गानं आहे ते. तुमी तिच्या तोंडात दुसऱ्याची जीभ बसवली. म्या वाचलं तर मले रडू आलं. दोन हिवाळे तुमाले सांगत होती, तवा तुमी मान हालवत होते, मले वाटे हा माणूस आयकून राह्यला. तुमी तर चुका काहाडून राह्यले होते."

कोणत्याही पत्राला निदान 'आपले पत्र प्राप्त झाले' एवढं तरी उत्तर द्यायची देवाजींना सवय होती, पण इथे तेही चालण्यासारखं नव्हतं.

"मंग कालच सांगतलं असतं," ते शेवटी पुटपुटले.

"कालपासून तुमी पोराले इचारलं, पत्रूभाऊले इचारलं, गुलाबरावले इचारलं, पुऱ्या गल्लीले इचारलं. मी इथीच होती डाळ निवडत. मले इचारलं?"

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. देवाजी खुर्चीवरून उठले. ते शरमले होते, आणि ती शरम लपवायला त्यांच्याकडे या वेळी कोणताच नियम नव्हता. त्यांनी खुर्ची हाताने पुसली आणि मागे सरकवली.

"बस," ते म्हणाले. मग विचारलं, "मले वाचू देशीन का?"

अंजनाबाई बसल्या. त्यांनी पडद्यावरच्या दुसऱ्या नावावर टिचकी मारली आणि न बघता पासवर्ड टाकला. देवाजींचे डोळे विस्फारले.

"अंगणवाडीच्या पोषणाच्या मोबाईलले तीन-तीन पासवर्ड पाठ होते माहे," त्या म्हणाल्या. "खुशबू, तो नव्वदचा कॉल लाव बाई आता. वाचाचे किती मनली तू?"

"चार, काकू."

"लिवाचे?"

"दोन."

"दोन नोको. मले सहा ठेव, बाकी सगळ्याइले चार. पत्रूभाऊलेही चार, दूधवाल्यालेही चार." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आन् यायलेही चारच."

खुशबूने तोच प्रोग्राम, तीच फाईल, तोच नंबर दिला. फक्त कॉल करणारं माणूस बदललं होतं. पडद्यावर शून्य आलं.

"शून्य!" देवाजींनी कपाळाला हात लावला. "उणे एक होतं, आता शून्य. कुठी गेली गाणी?"

"काका, शून्य म्हनजे झालं. काई तक्रार नाई असं."

काम झालं की शून्य आणि नाही झालं की उणे एक, ही पद्धत देवाजींना आजतागायत समजलेली नाही. पण ते आपल्या नावाने पुन्हा आत गेले, क्लिक केलं, आणि 'रोवणा' उघडली. पहिल्याच पानावर 'मले' होतं. दुसऱ्यावर 'काऊन' होतं. आठ दिवस दुपारी ते वाचनालयात पेपर तोंडावर घेऊन झोपत असताना अंजनाबाईंनी एकेक शब्द परत आपल्या जागी आणून बसवला होता. अकराव्या पानावर त्यांना एक चुकीचा ऱ्हस्व दिसला आणि बोट सवयीने बटणावर गेलं. यंत्र हललं नाही. देवाजी ते पान पुढे वाचत गेले. एकशे सोळाही गाणी काही त्यांनी वाचली नाहीत, तेवढा वेळ नव्हता. पण सोमारीचं गाणं त्यांनी ओठ हलवत वाचलं, आणि ते या वेळी चालीत बसलं.

पावणेपाचला खुशबूने फाईल छापखान्याला पाठवली. पाच मिनिटांत फोन वाजला आणि देवाजी गच्चीवर धावले.

"भेटली काका," पियुष म्हणाला. "कव्हर लावून घेतो. नाव तेच ना, संकलक व संपादक देवाजी बारसागडे?"

टाकीच्या पूर्वेला उभ्या असलेल्या देवाजींना पत्रिकेतली ती ठळक अक्षरं आठवली. ती फार छान उठली होती.

"थांब," ते म्हणाले. "इचारून सांगतो."

ते खाली आले. अंजनाबाई अजून खुर्चीवरच होत्या. देवाजी वही आणि पेन घेऊन समोर स्टुलावर बसले, आणि त्यांनी विचारलं, "कव्हरवर नाव कोनाचं टाकू? तुह्यं?"

"माह्यं काऊन? म्या का बनवले ते गाणे? ज्या म्हनत होत्या त्याइचे नाव टाका."

"त्या किती झाल्या?"

"मोजल्या नाई कधी. लिवा." अंजनाबाईंनी डोळे मिटले. "सोमारी. तिची भाची दीपाली, ते अजून म्हनते. मंग पारबता."

देवाजींनी सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं: सोमारी. दीपाली. पार्वती.

अंजनाबाईंनी डोळे उघडून वहीकडे पाहिलं. देवाजींनीही पाहिलं. त्यांनी 'पार्वती'वर एक सरळ रेघ मारली, वर 'पारबता' लिहिलं, आणि विचारलं, "पुढची कोन?"